केळी नकोत, कडी हवी!



१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९० साली ठरवला. इंदूरची आपण मराठी मंडळी त्या सुमारास वृद्धाश्रमात जातो, फळे वाटतो, शाली पांघरतो, दोन भजने म्हणतो आणि फोटो काढून पुढच्या अंकात छापतो. त्या फोटोंत मीही आहे. म्हणून आधी स्वतःचाच कान धरतो.

अशाच एका कार्यक्रमात एका काकूंना मी शाल दिली. निवृत्त शिक्षिका. त्यांनी केळी बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "केळी नकोत हो भाऊ. जमलं तर माझ्या खोलीला आतून कडी लावून द्या."

मी दार पाहिले. कडी बाहेरून होती, आतून नव्हती. साडी बदलताना कोणीही सरळ आत येई. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक कार्यालयाच्या कपाटात. मुलीचा फोन आला तर तोही कार्यालयात, चार माणसांसमोर घ्यायचा. जेवण चांगले होते, स्वच्छता चोख होती, मारझोड कोणी करत नव्हते. तरीही जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईचा स्वतःच्या दारावर हक्क नव्हता.

व्यवस्थापकांना विचारले, तर ते म्हणाले, "आत पडल्या तर कळणार कसे?" भीती खोटी नाही. पण आतून बंद केलेले दार बाहेरून किल्लीने उघडता येते, अशी कुलपे बाजारात मिळतात. ती बसवली गेली नाहीत, कारण बसवा म्हणून ठणकावून सांगणारे कोणी नव्हते. आम्ही तर फळे वाटून निघून येत होतो!

आता आपल्यातल्या एका लाडक्या वाक्याबद्दल बोलू. "वृद्धाश्रम ही आपली संस्कृती नाही." रामबागेपासून सुदामानगरापर्यंत प्रत्येक व्याख्यानात हे वाक्य टाळ्या घेते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांची मुले पुण्या-बंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत, ते मोजा. वाडे गेले, फ्लॅट आले, घरे रिकामी झाली. ज्यांना आश्रमात जावे लागले त्यांना या वाक्याने काय मिळाले? लाज. मुलगा लपवतो, सून विषय बदलते, आणि आई तक्रार करत नाही. तक्रार केली तर घराण्याचे नाव जाईल. जी जागा असायलाच नको असे आपण म्हणतो, तिथले नियम काय असावेत हे विचारायला आपण जात नाही. या सोवळेपणाची किंमत आत राहणारी माणसे मोजत आहेत.

सरकारचा हिशेबही मांडू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम १९ नुसार, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, असा वृद्धाश्रम उभारू "शकेल". "उभारील" नव्हे, "शकेल"! आश्रमांच्या व्यवस्थेची योजनाही सरकार ठरवू "शकेल", आणि त्या कलमात सोयी सांगितल्या आहेत त्या औषधोपचार आणि करमणुकीच्या. रहिवाशाचे म्हणणे ऐकायचे कोणी, त्याला काढायचे तर कोणत्या नियमाने, याबद्दल ते कलम गप्प आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले. खासगी आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. एका तरी उमेदवाराला आपण त्याबद्दल प्रश्न विचारला का?

आणि आपल्या शहराचे काय? जानेवारी २०२१ मध्ये, स्वच्छतेचा मुकुट मिरवणाऱ्या या इंदुरात, बेघर वृद्धांना नगर निगमच्या गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवले गेले. गावकऱ्यांनी हटकले, चित्रफीत देशभर फिरली, उपायुक्त निलंबित झाले. आपण सगळे हळहळलो. पण म्हाताऱ्या माणसाला न विचारता इकडून उचलून तिकडे ठेवता येते, हा समज त्या एका गाडीपुरता नाही. आश्रमात खोली बदलताना किंवा मुलाशी परस्पर बोलून दुसऱ्या आश्रमात पाठवताना तोच समज काम करतो. फक्त तिथे चित्रफीत काढणारे गावकरी नसतात.

ज्या अमेरिकेत आपली मुले नोकऱ्या करतात, तिथे १९८७ साली कायदा झाला. सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या शुश्रूषागृहांवर रहिवाशांचे हक्क बंधनकारक झाले : खासगीपणा, स्वतःच्या उपचारांत मत, विनाकारण बांधून न ठेवणे, रहिवाशांची समिती, बाहेर काढण्यापूर्वी साधारणपणे ३० दिवसांची लेखी सूचना. तक्रार ऐकायला स्वतंत्र लोकपाल. तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. पण तिथली आजी "हा माझा हक्क आहे" म्हणू शकते. इथल्या आजीला "उपकार करा" म्हणावे लागते.

काही जण म्हणतील, धर्मादाय संस्था कशाबशा चालतात, हे नियम लादले तर त्या बंद पडतील. मी नम्रपणे विचारतो : कडीला किती खर्च येतो? कागदपत्रे परत करायला? महिन्यातून एकदा बसून म्हणणे ऐकायला? आपण मागतो आहोत त्यातले बहुतेक फुकट आहे. म्हणून पैशांचे कारण इथे चालणार नाही.

आपल्या हातात एक मोठी शक्ती आहे, ती म्हणजे देणगी. तेराव्याला, पंच्याहत्तरीला, वाढदिवसाला आपली घरे आश्रमांना धान्य आणि रोख रक्कम देतात. ती देताना पुढील गोष्टी लेखी मागाव्यात, असा ठराव मी मंडळापुढे मांडत आहे :

१. खोलीला आतून कडी किंवा कुलूप, बाहेरून किल्लीने उघडणारे.

२. आधार, पासबुक आणि ७० वर्षांवरील असतील तर आयुष्मान कार्ड रहिवाशाच्याच ताब्यात; कार्यालयात ठेवायचे तर त्यांच्या सहीने, पावती देऊन.

३. प्रवेशाच्या वेळी त्यांना वाचता येईल त्या भाषेत करार. त्यात खर्च, अनामत आणि काढण्यापूर्वी ३० दिवसांची सूचना.

४. रहिवाशांची समिती, महिन्याला एक सभा, आणि तिची नोंदवही पाहुण्यांना खुली.

५. मतदारयादीत नाव. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून टपाली मत देता येते. त्याचा १२-डी अर्ज वेळेत भरून घेण्याची जबाबदारी आपली.

६. संमतीशिवाय फोटो नाही. हा नियम आपल्या पत्रिकेपासूनच सुरू व्हावा.

आणि कायद्यात जे आहे ते तरी वापरू या. २००७ च्या कायद्याखालचे न्यायाधिकरण एसडीएम साहेबांकडे असते. तिथे निर्वाहाचा अर्ज वकिलाविना करता येतो. आपल्याच राज्यातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, मुलाला दिलेली मालमत्ता तिला परत करण्याचा आदेश दिला. आश्रमाच्या तक्रारीसाठी मंगळवारची जनसुनवाई आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. म्हातारी व्यक्ती एकटी जाऊ शकत नाही. आपल्यातले दोघे सोबत गेले तर साहेब उभे राहून ऐकतात, हा इंदूरचा अनुभव आहे.

२०२५ मध्ये देवी अहिल्याबाईंची ३०० वी जयंती आपण दणक्यात साजरी केली. बाईंनी घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, ते सारे खरे. पण त्या स्वतः बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकत, हे आपण सोयीने विसरतो. आपण त्यांच्या नावाने फळे वाटतो आणि गाऱ्हाणे ऐकायच्या आत घरी परततो.

काकूंच्या दाराला अजून आतून कडी नाही. येत्या सभेला या, ठरावावर हात वर करा आणि मग माझ्यासोबत तिकडे चला. केळी न नेली तरी चालेल, कुलूप मात्र घेऊन जाऊ.