माजी विद्यार्थी म्हणजे कोण?

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम एकदा माझ्याकडे आले. दोन दिवसांत मी ती पुरी केली. तीत आमदार होते, न्यायाधीश होते, डॉक्टर होते, परदेशी गेलेले इंजिनियर होते. यादी सूचनाफलकावर लागली आणि चार-पाच दिवसांनी एक वृद्ध गृहस्थ ग्रंथालयात मला भेटायला आले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत सारी नोकरी करून ते निवृत्त झाले होते. घरी मराठी बोलत, शाळेत कन्नड शिकवीत. मला वाटले, आपले नाव गळल्याची तक्रार असेल. पण त्यांनी विचारले, "सर, वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगा राहायचा. इंटरच्या परीक्षेआधी टायफॉईडनं गेला. त्याचं नाव कुठं लिहिलेलं आहे का?"

मी जुनी रजिस्टरे काढली. नेमके त्या वर्षाचे रजिस्टर कसरीने खाल्लेले. "असू द्या सर," म्हणून ते बसच्या वेळेला निघून गेले. माझी यादी फलकावर तशीच होती. पण त्यानंतर ती मला वाचवेना.

माजी विद्यार्थ्यांची आठवण ही समारंभापुरती शोभेची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. हे खरे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचेच पाहा. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या पाठशाळेतून हे कॉलेज वाढले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या आपल्या इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभाई यांची मोठी देणगी त्या इमारतीला होती. चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे, सेनापती बापट ही सारी तिथली मुले. तरी १९३४ मध्ये सरकारने ते कॉलेज बंद केले. तेव्हा माजी विद्यार्थी नुसते हळहळत बसले नाहीत; ते कोर्टात गेले. परिणामी १९३९ मध्ये तेच कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. पुढे इरावती कर्वे आणि सांकलिया यांनी तिथे जे काम केले, त्याच्या पायाशी ही जुन्या विद्यार्थ्यांची आठवण आहे.

आपल्या भागाचाही त्या कॉलेजशी संबंध आहे. १९१७ मध्ये धारवाडला कर्नाटक कॉलेज निघेपर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूरकडच्या मुलांना पदवीसाठी घर सोडून पुणे-मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रानडे डेक्कन कॉलेजात शिकले. पुढे त्यांनी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतल्या संतवाङ्मयावर लिहिले आणि १९५७ मध्ये निंबाळला देह ठेवला. ते मराठी विभागाचे की कन्नड विभागाचे, हा प्रश्न आपल्या नियतकालिकाने तरी विचारू नये.

आणखी एक. आठवण ठेवायची तर खरी ठेवावी. टिळक-आगरकरांच्या तसबिरी आपण शेजारी शेजारी लावतो. कॉलेजातली त्यांची मैत्री आणि १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात बरोबर काढलेले १०१ दिवस भाषणांतून सांगतो. पुढे दोघांचे पटेनासे झाले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला, एवढे मात्र घाईने उरकतो. टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, हेही मुलांना कळू द्यावे. तसबिरीला हार घालता येतो. पण धीर हवा असेल तर तो चुकणाऱ्या, भांडणाऱ्या, पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसाकडूनच मिळतो.

कोणी म्हणेल, थोरांचे ठीक आहे. पण सगळ्यांचीच चरित्रे लिहीत बसायचे तर कागद कुठून आणायचा? सगळ्यांची लिहा, असे मी म्हणतच नाही. पण थोरांची नोंद जग ठेवते. खेड्यातल्या मास्तरची, पोस्टमनची, शिक्षण अर्ध्यावर सोडून शेतीला परतलेल्याची नोंद आपण ठेवली नाही तर कोणीच ठेवणार नाही. वर्गातल्या बहुसंख्य मुलांचे पुढे काय होते, ते याच आयुष्यांतून कळते. फक्त मंत्री आणि न्यायाधीश दाखवून आपण आजच्या मुलाला नकळत सांगतो, की तू तेवढा झाला नाहीस तर इथे शिकलाच नाहीस.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी साधी सूचना आहे. दर वर्षी प्रत्येक वर्गाने आपापल्या गावच्या एका माजी विद्यार्थ्याला गाठावे, त्याच्याशी तासभर बोलावे आणि दोन पाने लिहावीत. मराठीत लिहिलेले कन्नड विभागाने भाषांतरित करावे, कन्नडमधले आपण. खोलीतला सोबती कोण होता, हेही विचारावे. रजिस्टर कसरीने खाल्ले तरी माणसे अजून आहेत. ती आहेत तोवरच विचारले पाहिजे.

त्या गृहस्थांचा पत्ता मी तेव्हा लिहून घेतला नाही. ही चूक माझी. तुम्ही ती करू नका.