वॅटने लावली वाट

प्रवाळाच्या टाकीसाठी दिवा निवडणाऱ्या माणसांचे दोन पंथ आहेत. एक वॅटवाले आणि दुसरे निळेवाले. दोन्ही पंथांची दीक्षा मी पदराला खार लावून घेतली आहे. टाकीच खाऱ्या पाण्याची, तेव्हा खार लागणं क्रमप्राप्तच होतं म्हणा! पण त्यामुळे दोघांच्याही विरुद्ध बोलण्याचा अधिकार मला पोचतो, आणि तो मी आज बजावणार आहे.

आधी टाकीची ओळख करून देतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, आत साधारण 60 लिटर पाणी. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत हा समुद्र फ्रिज आणि देव्हारा यांच्यामध्ये मावला आहे. त्यात पाच मश्रूम आणि शर्टाच्या बटणांएवढ्या पॉलिपांचा एक पुंजका. सगळी मऊ मंडळी. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसलं आहे. वाघ पाळण्याची हौस मला नाही. शाखेत साहेब आहेत तेवढे पुरेत.

दिव्यासाठी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "टाकी केवढी?" मी सांगितलं. "मग साहेब, 165 वॅट न्या. डोळे मिटून न्या." टाकीत राहतं कोण, हे त्याने विचारलंच नाही. आमच्या बँकेत कर्ज देताना निदान घेणाऱ्याचं नाव तरी विचारतात. मी डोळे मिटून नेला.

घरी पुतण्याने मोबाइलवरून दिव्याचा ताबा घेतला. "काका, पांढरा कमी करू या. निळ्यात खरी मजा आहे." निळा शंभर टक्के झाला आणि मश्रूम हिरवेजर्द चमकू लागले. शेजारी बघायला आले. "अगदी लग्नाचा हॉल वाटतोय हो," जोशीकाकू म्हणाल्या. मग पुतण्याने वीज चमकवण्याची सोय शोधून काढली. बाहेर कडक ऊन आणि आमच्या फ्रिजशेजारी वादळ! पाहुणे रात्री उशिरापर्यंत बसत, म्हणून दिवा सकाळी आठ ते रात्री अकरा. वीजबिल बघून सौ.च्या डोळ्यांपुढेही वीज चमकली, ती वेगळी.

आठवड्याभरात मश्रूम आक्रसले. पुरीएवढे होते ते रुपयाच्या नाण्याएवढे झाले. दुसऱ्या आठवड्यात रंग उडाला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "उजेड कमी पडत असेल, साहेब. दिवा खाली घ्या." आणि मी, बी.कॉम. झालेला, दुसऱ्याची बेरीज तीनदा तपासल्याशिवाय सही न करणारा माणूस, दिवा चार इंच खाली घेतला! त्या शनिवारी दोन मश्रूम मेले. पाण्यात पांढुरका चोथा तेवढा उरला. तो नळीने काढून टाकताना मला कोणाशी बोलावंसं वाटेना.

तेव्हा कुठे मी या प्राण्याचं खातं उघडून बघितलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. उजेडावर ते साखर तयार करतं आणि बरीचशी घरमालकाला देतं. एवढं सरळ भाडं आमच्या सोसायटीत कोणी देत नाही. उजेड फार कमी झाला तर कमाईपेक्षा खर्च जास्त होतो आणि खातं ओव्हरड्राफ्टमध्ये जातं. उजेड वाढवत नेला की कमाई वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे कितीही भरणा करा, व्याज शून्य. त्याही पुढे गेलात तर दंड सुरू होतो. शेवाळाचं यंत्र बिघडतं, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात आणि प्रवाळ भाडेकरूलाच बाहेर काढतं. शेवाळ गेलं की रंग जातो आणि जेवणही जातं. माझ्याकडे हेच झालं होतं. दंड बसत असलेल्या खात्यात मी आणखी पैसे भरत होतो.

आता निळेवाल्यांकडे वळतो. त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. समुद्राचं पाणी तांबडा उजेड वरच्या वरच गिळतं, निळा खोलवर जातो, आणि प्रवाळातल्या शेवाळाला निळा फार मानवतो. पण आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यांत ठळक दिसतो आणि निळा मंद वाटतो. म्हणून माणूस म्हणतो, "अंधारच आहे की!" आणि आणखी वाढवतो. आपल्याला मिणमिणता वाटणारा दिवा तिकडे शेवाळाला भाजून काढत असतो. लुमेनचा आकडाही माणसाच्याच डोळ्याच्या हिशेबाने काढलेला, त्यामुळे तोही कामाचा नाही. आणि वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचा आकडा. जेवतो किती यावरून माणूस काम किती करील हे ठरत असतं, तर आमचा हेडक्लार्क आज चेअरमन असता.

खरं मोजमाप म्हणजे 'पार'. दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर, शेवाळाच्या उपयोगाचे प्रकाशकण किती पडतात त्याचा हिशेब. 'पार वाट लागली' यातला हा पार नव्हे, पण तो मोजला नाही तर वाट लागते ती मात्र पारच. एका हौशी परिचिताकडून मी एका रविवारपुरता मीटर मागून आणला. मश्रूमांना 50 ते 100 पार पुरतो. माझ्या टाकीच्या तळाशी 310 भरला!

यावर वॅटवाले म्हणतील, "समुद्रावर भर दुपारी 2000 पार पडतो, तुमच्या 310 चं काय घेऊन बसलात?" अहो, तो पाण्याच्या वर पडतो! विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. माझ्या माहितीतली ही एकमेव बँक, जी बुडालेली असूनही भरभराटीत आहे. तिचा माथाच सुमारे 20 मीटर पाण्याखाली, आणि तिथे प्रवाळ नांदतं. आणि मश्रूम तर उथळ पाण्यातही खडकाच्या आडोशाने राहणारे. शिवाय ज्याला उन्हाची सवय असते त्यालाही ती हळूहळू लागलेली असते. दुकानाच्या कोपऱ्यातून आणून थेट 310 खाली बसवणं म्हणजे नव्या कारकुनाला मार्चअखेरीच्या रात्री एकट्याला शाखेत कोंडणं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आधी रहिवासी ठरवा, मग दिवा. मंद करता येईल असाच दिवा घ्या. सुरुवात कमीपासून करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. निळ्यात थोडा पांढरा असू द्या, म्हणजे निदान आपला डोळा आपल्याला फसवणार नाही. आठ-नऊ तास झाले की दिवा बंद. अंधार हाही त्याच्या दिवसाचा भाग आहे. पाहुण्यांसाठी हवा असेल तर दुपारी एक ते रात्री नऊ ठेवा. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, तास कळतात. आणि वीज चमकवण्याची सोय तेवढी कृपा करून पुतण्यांपासून लपवा.

माझा 165 वॅटचा दिवा हल्ली फूटभर उंचीवर, वीस टक्क्यांवर जळतो. उरलेल्या वॅटांचे पैसे मी बुडीत खाती टाकले आहेत. तीन मश्रूम वाचले. त्यांतला एक पुन्हा पुरीएवढा व्हायला पाच महिने लागले.

परवा साडेनऊला जोशीकाकू पाहुण्यांना घेऊन आल्या. टाकीत काळोख. "अहो, लाइट लावा ना जरा! मुद्दाम दाखवायला आणलंय यांना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारलं आहे, पण इतक्या मनापासून कधीच नाही.

"काउंटर बंद झालंय," मी म्हणालो. "उद्या या."