मालक एक नाही, म्हणून हक्कही नाहीत?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला हमाल कुणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. सकाळी एका आडत्याची गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याची भरायची, मजुरी पोत्यावर. तरीही माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बोनस मिळतो. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने हे लढून मिळवले. त्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून त्याच्या उद्याची सोय करायची, अशी त्याची रचना आहे. नेमका मालक कोण, या प्रश्नावर हमालाचे हक्क अडून राहिले नाहीत.

पुण्यात घरोघरी जेवण पोहोचवणारी, रिक्षा-टॅक्सी अॅपवर चालवणारी मुले आज याच प्रश्नावर अडली आहेत. ‘तुम्ही कामगार नाही, भागीदार आहात,’ असे कंपन्या म्हणतात. पण दर कंपनी ठरवते आणि कामासाठीचा अॅपवरचा आयडीही तीच बंद करते. ही भागीदारी मला मान्य नाही. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात असे ७७ लाख लोक २०२०-२१मध्ये होते. २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घातली, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत. यातून कल्याण निधी उभा राहील, पण दर ठरवताना कामगाराला आवाज मिळणार नाही.

म्हणून अॅपवरच्या कामालाही माथाडीसारखी रचना हवी. या मुलांना वेळेचे स्वातंत्र्य हवे असते, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे. पण हमालालाही एका मालकाशी न बांधता संरक्षण मिळालेच ना? माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, हेही खोटे नाही. उद्योजकांची ती तक्रार रास्त आहे. मात्र ती बनावट टोळ्यांवर कारवाई करण्याचे कारण आहे, कायदा गुंडाळण्याचे नव्हे. शिवाय अॅपमध्ये प्रत्येक फेरीची नोंद असते, त्यामुळे लेव्ही तिथल्या तिथे वळती करता येईल. खर्च वाढेल, आणि त्यातला थोडा ग्राहकाने सोसावा. कर्नाटकने २०२५मध्ये प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आणि काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने त्याच्या पुढे जाऊन कंपन्या, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमावे, आणि फेरीचा किमान दर त्या मंडळात ठरावा.