शेजारची शेवंती

नेसरीचे नाव काढले की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडलेला तो सरसेनापती आमच्या खिंडीत पडला, आणि गावाला कायमचा मान देऊन गेला. त्यामुळे या सदरात मी गावाविषयी काही लिहिले की वाचकांची पत्रे येतात, "काहीतरी ऐतिहासिक लिहा." यंदा मी जे सांगणार आहे त्यात तलवार नाही. सहा गुंठे शेवंती आहे, शंभर वॅटचा एक दिवा आहे आणि थोडासा गांजाही आहे. गांजा फक्त वर्तमानपत्रात होता, हे पोलीसपाटलांच्या माहितीसाठी आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ सालची. नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या परड्यात नाग निघाला. आदल्या दिवशी दूध-लाह्या घेऊन बसलो तेव्हा आला नाही, दुसऱ्या दिवशी आला. घरात ओरड झाली. मी लगोलग गडहिंग्लजला जाऊन एक मोठा दिवा आणला आणि मागच्या भिंतीवर उंच लावून घेतला. त्याला डोळा होता. दिवस मावळला की आपोआप लागायचा, तांबडे फुटले की आपोआप विझायचा. परडे लख्ख उजळले. साप परत दिसला नाही. मी चार लोकांना तो दिवा मुद्दाम बोलावून दाखवला, हेही कबूल करतो.

परड्याच्या कुडाला लागूनच शेजारच्या वहिनींची पट्टी आहे. सहा गुंठे. पती गेल्यापासून ती पट्टी, एक म्हैस आणि बचत गट एवढ्यावर त्यांनी संसार ओढला. पट्टीत दरवर्षी शेवंती. उन्हाळा सरता सरता फुटवे लावायचे, पावसाळ्यात शेंडे खुडायचे, आणि दसऱ्यापासून फुले काढावयास लागायचे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या हारात जी पिवळी फुले असतात, त्यांच्यावर थोरलीच्या कॉलेजची फी आणि गटाचा हप्ता अवलंबून.

सप्टेंबर अर्धा उलटला, आणि एके दिवशी वहिनींनी कुडावरून हाक मारली.

"भावजी, जरा बगा की हिकडं. पल्याड कळी हाय, अल्याड नुसता पाला. मी काय येगळं केलो? एकाच दिवशी लावलो, एकाच हातानं खत टाकलो."

(आमच्या भागात बायकाही 'मी केलो' असेच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी गेलो. पाहतो तो खरोखरच विचित्र प्रकार. पट्टीच्या लांबच्या अर्ध्यात झाडे कळ्यांनी भरलेली. आमच्या बाजूच्या अर्ध्यात झाडे उंच, हिरवीगार, माजल्यासारखी, आणि कळी म्हणून शपथेला नाही. त्यातही मौज अशी की, या वांझ अर्ध्याच्या मधोमध एक चिंचोळा पट्टा कळ्यांनी डवरलेला.

खेड्यात अशा वेळी निदान करणाऱ्यांची वाण नसते. कोणी म्हणाले, रोपे खोटी. वहिनी तालुक्याला जाऊन फुटवे देणाऱ्याशी भांडून आल्या. कोणी म्हणाले, नजर लागली. देवीला नारळ फुटला. मी शिकलेला माणूस, म्हणून मी सांगितले, "युरिया जास्त झाला, त्यामुळे पाला माजला." मग त्या मधल्या पट्ट्याचे काय? "तिथे पूर्वी उकिरडा असणार, मातीला कस आहे." म्हणजे खत जास्त म्हणून कळी नाही, आणि खत जास्त म्हणून कळी आहे. एकाच तोंडाने मी दोन्ही बोललो आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

दसऱ्याला माझी पुतणी आली. कृषी शाखेची पदवी घेऊन ती पुण्याकडे फुलांच्या एका हरितगृहात नोकरी करते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे आटोपून आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या पेटीत मुंबईच्या विमानतळावर 'हायड्रोपोनिक गांजा' सापडल्याची बातमी होती. अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. थायलंडने २०२२ साली गांजावरची बंदी उठवली आणि २०२५ साली पुन्हा लगाम आवळला. आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे, आणि गांजाचे झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरीही उसाच्या फडात चार झाडे लपवणारे महाभाग निघतातच.

"हे हायड्रोपोनिक म्हणजे काय गं?"

"मातीवाचून शेती, काका. मुळे पाण्यात, आणि झाडाला लागणारे सगळे क्षार त्या पाण्यात मोजून."

कल्पना जुनी आहे म्हणे. जर्मनीतील साक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या पाण्यावर झाडे वाढवून दाखवली. हायड्रोपोनिक्स हे नाव कॅलिफोर्नियातील गेरिके यांनी १९३७ साली रूढ केले. आपल्या देशातही शोल्टो डग्लस नावाच्या गृहस्थांनी बंगालात त्याचे प्रयोग केले आणि १९५१ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज दुष्काळी भागात मक्याचा चारा ट्रेमध्ये उगवतात तो याच घराण्यातला. विद्येचा दोष नाही. कोणाच्या हाती पडते त्यावर आहे.

"पण बंद खोलीत ऋतू कुठले? पाणी पाजाल, दिवा लावाल. फुलोरा कसा आणणार?" गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा, एवढे मला ठाऊक होते.

"अंधाराने," ती म्हणाली. "दिवे अठरा तास चालू असले तर झाड नुसतेच वाढते. बारा तास गडद अंधार मिळू लागला की त्याला वाटते पावसाळा संपला, दिवस आखूड झाले, आता फुलले पाहिजे. आमच्या हरितगृहात शेवंतीला हेच करतात. फूल लवकर हवे असेल तर संध्याकाळी काळा कागद ओढतात. उशिरा हवे असेल तर रात्री दिवे लावतात."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

ती आपल्या नादात सांगत राहिली. हा शोध मुळात ताग-अंबाडीसारख्या वाखासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या झाडावरच सुरू झाला. पॅरिसमध्ये ज्यूलियां तूर्नवा या तरुण संशोधकाला १९१२ च्या सुमारास दिसले की, प्रकाशाचे तास कमी केले की ही झाडे लहानपणीच फुलतात. पुढे पहिल्या महायुद्धात तो कामी आला, आणि काम अर्धवट राहिले. मग अमेरिकेत तंबाखूची एक जात निघाली, 'मेरीलँड मॅमथ'. झाड माणसाच्या दुप्पट उंच होई, पण उन्हाळाभर फुलत नसे. निपाणीकडच्या आमच्या तंबाखूवाल्यांना अशी जात मिळाली असती तर त्यांनी पाने मोजून हात जोडले असते. पण फूल नाही म्हणजे बी नाही. गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी जुलै १९१८ मध्ये काही कुंड्या रोज दुपारी चार वाजता अंधाऱ्या खोपटात ठेवायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, असा क्रम धरला. कुंड्यांतली झाडे फुलली, बाहेरची नाही. १९२० साली त्यांनी ते जगापुढे मांडले. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका तणावर दाखवून दिले की, झाड मोजते ती रात्र, दिवस नव्हे. आणि ती सलग असावी लागते. लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लागला तरी हिशेब मोडतो.

"मोजते कशाने? पानाने. रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीवरच प्रयोग केले. नुसत्या पानांना लांब रात्र दिली तरी शेंड्याला कळी येते. पान निरोप धाडते. आणि पानातले जे द्रव्य उजेड ओळखते, ते १९५९ साली अमेरिकेत सापडले. तांबड्या प्रकाशाला ते फार हळवे असते."

आमच्याकडे, म्हणजे सोळा अंश अक्षांशावर, सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक. माणसाला तो कळतही नाही. पण शाळू ओळखतो, उसाचा तुरा ओळखतो, आणि शेवंतीही ओळखते.

"मग चांदण्याचे काय?" मी विचारले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास. त्याने काही होत नाही. पण साधा दिवा..." आणि ती थांबली. तिने वर भिंतीकडे पाहिले. मग उठली, कुडापाशी गेली, आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

मीही मागोमाग गेलो. माझ्या दिव्याचा उजेड वहिनींच्या पट्टीवर अर्धचंद्रासारखा पडला होता. चंद्राच्या आत पाला, बाहेर कळी. आणि आमच्या गोठ्याच्या कोपऱ्याची लांबट सावली त्या उजेडात सुरीसारखी घुसली होती. त्या सावलीत, अगदी सावलीच्या कडेपर्यंत, शेवंती कळ्यांनी भरली होती. उकिरडा नाही, नजर नाही. दोन महिने मी त्या झाडांना झोपू दिले नव्हते.

"काका, दिवा काढा," ती म्हणाली. मी त्याच रात्री तार सोडवली.

वहिनींना सांगायचे हे सरळच होते, पण वाचकहो, मी रात्रभर ते सरळ सांगण्याची निरनिराळी वाकडी रूपे जुळवीत पडलो होतो. दिव्याचे कोणाला कळले नव्हते. रोपे खोटी हे गावाने मानले होते. पुतणी दोन दिवसांनी जाणार होती. इतके सगळे मनात येऊन गेले, हे लिहिताना आजही बरे वाटत नाही. सकाळी चहाच्या आधी कुडापाशी गेलो आणि सगळे सांगून टाकले. युरियाचेही.

वहिनी ओरडल्या असत्या तर सोपे झाले असते. त्या पट्टीकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे मी त्या रोपवाल्याला उगंच शिव्या दिलो."

एवढेच प्रथम बोलल्या. मग विचारले, "आता फुलंल का ही?"

पुतणीने सांगितले, आजपासून अंधार मिळाला तर आठ-नऊ आठवड्यांनी फुलेल. बोटांवर मोजले. डिसेंबरचा पहिला आठवडा. दिवाळी तर २० आणि २१ ऑक्टोबरला होती. दिवाळी गेली.

मी नुकसान भरून देण्याचे बोललो. त्यांनी मान हलवली. "फुलांचं पैसं नगं. गटाचा हप्ता तेवढा भरा. फुलं आली की परत देतो." मी हप्ता भरला. त्या आठवड्यात त्या गडहिंग्लजला गेल्या त्या रोपवाल्याकडे. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

त्या दिवाळीत अर्ध्या पट्टीची फुले बाजारात गेली. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी वहिनींकडून दरवर्षी हार येतो. तो गेल्या वर्षीही आला, थोडा आखूड. आमच्या घरात त्याविषयी कोणी बोलले नाही.

आणि मग डिसेंबर उजाडला. पुतणीचा हिशेब दोन-तीन दिवसांनी चुकला असेल, पण उरलेली अर्धी पट्टी एका दमात पिवळी झाली. झाडे उंच वाढलेली, फांद्या जास्त, फूलही जास्त. मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी घरोघर लक्ष्मीचा घट बसतो, फुले लागतात, आणि इतरांची शेवंती तोवर काढून झाली होती. वहिनींनी तीन गुरुवार साधले. चौथ्या आठवड्यात त्या हप्त्याचे पैसे घेऊन आल्या, मोजून. मी नको म्हणालो. "भावजी, ठेवा. हिशोब तो हिशोब."

दारातून परत फिरताना त्या थांबल्या. "एक इचारू? फुडल्या वर्षाला तुमचा दिवा कवा लावायचा?"

मला वाटले थट्टा करतात. थट्टा नव्हती. अर्धी पट्टी दसरा-दिवाळीला, अर्धी मार्गशीर्षाला. त्यांनी मनाशी आखून ठेवले होते. होसूर आणि बंगळूरकडचे शेतकरी शेवंतीच्या रानात रात्री दिव्यांच्या माळा लावतात, असे पुतणीने सांगितले होते तेव्हा मी ऐकून सोडून दिले होते. वहिनींनी धरून ठेवले होते. फोनवरून त्यांनी पुतणीला चार प्रश्न विचारले आणि मला सूचना दिल्या. रात्रभर दिवा नको, बिल वाढते. दहा ते दोन पुरे. उजेड कुडापासून अर्ध्या पट्टीच्या पुढे जाता कामा नये, म्हणून दिव्याला पत्र्याची टोपी बसवायची. बिल निम्मे निम्मे. फुले कधी हवीत त्या तारखेच्या नऊ आठवडे आधी दिवा बंद, आणि मग त्या बाजूला बॅटरीसुद्धा लावायची नाही. सापाचे काय, असे मी भीत भीत विचारले. "काठी घेऊन हिंडा," असे उत्तर आले.

हे लिहितो आहे तेव्हा भाद्रपद चालू आहे. लांबच्या तीन गुंठ्यांत कळी दिसू लागली आहे. जवळच्या तीन गुंठ्यांत अजून नुसता पाला आहे, आणि या वेळी तो पाहून कोणी नारळ फोडत नाही. दिव्याला आता वेळ लावून द्यायचे यंत्र बसवले आहे. पण आमच्याकडे वीज गेली की त्या यंत्राचे घड्याळ मागे पडते आणि दिवा आपल्या मर्जीने लागतो. आज संध्याकाळी वीज दोनदा गेली. मी हा लेख पुरा करण्याच्या गडबडीत आहे, आणि कुडापलीकडून आताच हाक आली आहे.

"भावजी! धा वाजून गेल्यात! दिवा कुठं लागलाय?"