२६ टक्के म्हणजे किती?

अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांचा ‘जॉइंट स्टॅटिस्टिकल मीटिंग्ज’ हा मोठा वार्षिक मेळावा २०१५ मध्ये सिएटलला भरला होता. म्हणजे फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राच्या अंगणातच. कर्करोगाच्या संस्थेचे आकडेमोडीच्या मेळाव्यात काय काम, असे अनेक डॉक्टरांनाही वाटेल. उत्तर याच केंद्राच्या कामात आहे.

‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचे समन्वय केंद्र तिथेच. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणे कितपत सुरक्षित, हे १६,६०८ स्त्रियांमध्ये तपासले गेले. चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. ‘स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो’ हे गाजले आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. त्याच निष्कर्षाची दुसरी मांडणी अशी: दहा हजार स्त्रियांनी वर्षभर गोळ्या घेतल्या, तर कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त. (खुब्याचे हाड मोडणाऱ्या मात्र पाच कमी.) दोन्ही आकडे खरेच; पण समोर बसलेल्या बाईला ठरवायला दुसराच उपयोगी.

शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३. मग पन्नाशीच्या स्त्रीला हे कितपत लागू? हा प्रश्नही निम्मा वैद्यकाचा, निम्मा संख्याशास्त्राचा.

आपल्याकडे प्रबंधाची सगळी माहिती गोळा झाल्यावर ‘तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या’ म्हणत विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञाचे दार ठोठावतो. तोवर रुग्ण कमी पडलेले असतात, आणि ते कुठल्याही सूत्राने भरून निघत नाहीत.