ज्वारीतला बग

मंडळी, आज शनिवार. ऑफिसातले बग ऑफिसात, आज जरा घरातल्या बगबद्दल.

तर झालं असं, की मे महिन्यात गंगाखेडहून निघताना आईने अर्धं पोतं ज्वारी बांधून दिली. ती पुण्यात आमच्या पलंगाखाली गेली. ऑगस्टमध्ये पोतं उघडलं, तर ज्वारी चक्क चालत होती! रूममेटने तासाभरात धान्यात ठेवायच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. म्हणे, "पोत्यात टाक, सकाळपर्यंत सगळे खलास."

सगळे म्हणजे नक्की कोण? नशीब, आधी आईला फोन केला. तिने सरळ झापलं, "झोपायच्या खोलीत गोळ्या? डोकं फिरलंय का तुमचं!" पाकीट न फोडता दुकानदाराला परत केलं.

ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. गोदामात, ताडपत्रीखाली, जाणकाराच्या हातात तो कामाचा. बंद फ्लॅटमध्ये मात्र तो किडा आणि माणूस असा भेद करत नाही, आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच कायद्याने ही गोळी सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरती ठेवली आहे. तरी दुकानात ती मिळते, आणि झोपेत मुलं दगावल्याच्या बातम्या येत राहतात.

माझं म्हणणं इतकंच, की आपण बग न शोधताच फिक्स टाकतो. आधी किडा ओळखा ना! ज्वारी, गहू, तांदळात तीन-चार मिलिमीटरचा, सोंड असलेला तपकिरी किडा म्हणजे सोंडे. मूग-हरभऱ्याला गोल भोकं आणि वर पांढरे ठिपके दिसले, तर ते भुंगे. ठिपके ही त्यांची अंडी. रव्यात जाळी झाली असेल तर ती पतंगाच्या अळीची.

सोंड्यांची मादी दाणा पोखरून आत अंडी घालते. त्यामुळे वरवर चाळून भागत नाही, चार आठवड्यांत नवी फौज हजर. आमच्याकडे कोठीत बिब्बे, कडुलिंबाचा पाला घालतात. पण खरं काम करतं ते त्याआधीचं कडक ऊन. दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की किडीला वाढणं जड जातं. एकदा दाण्याच्या आत अळी शिरली, की पाला काय करणार?

ऑगस्टात पुण्यात ऊन कुठलं? मग किडलेली ज्वारी फेकली, बरी होती ती चाळून दोन-दोन किलोच्या पिशव्या केल्या आणि एकेक पिशवी चार-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये. नंतर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. विष शून्य, खर्च शून्य.

असो. आईला सांगितलंय, यंदा पाचच किलो दे. ती काही ऐकणार नाही, म्हणून डबे आधीच आणून ठेवलेत. तुमच्या पलंगाखाली काय आहे, एकदा वाकून बघा!