रावणाचा ‘खरा’ चेहरा कोणता? वाद समजून घ्या

२ ऑक्टोबर २०२२ ला ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’चा टीझर आला आणि सैफ अली खानच्या रावणाची दाढी व आखूड केस पाहून लोक भडकले: ‘हा रावण नव्हेच!’ जानेवारीत येणारा सिनेमा अखेर १६ जून २०२३ ला लागला.

मग अचूक रावण कोणता? आपल्या डोळ्यांपुढे असतो तो १९८७ पासून दूरदर्शनवर दिसलेला, रामानंद सागर यांच्या मालिकेतला. कोकणातच बघा. मिरजोळे-रत्नागिरीकडच्या नमनात संकासुराला उंच टोपी आणि पांढरी दाढी, तर सिंधुदुर्गाच्या दशावतारात काळा वेश आणि लाल जीभ. यातला खोटा कुणीच नाही.

पण प्रत्येक आक्षेप असा नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये ‘वेडात मराठे वीर दौडले सात’च्या झलकेत शिवरायांच्या भूमिकेतल्या अक्षय कुमारच्या मागे विजेचे दिवे दिसले. महाराजांचं निधन १६८० चं, एडिसनचा दिवा १८७९ चा. ही सरळ चूक.

इतिहासाला पुरावा मागता येतो, पुराणाला परंपरा असतात. ही गल्लत झाली की शिव्या खातो तो रावण वेगळा काढू पाहणारा चित्रकार.